आधी ताईला

ही घटना खरी आहे. पटत नसेल तर नेकनूरला या, मी माणसं दाखवते.

त्यातलं एक माणूस मात्र आता दाखवता येणार नाही...

यात अमावस्या शोधू नका. पिंपळ नाही, पडकी विहीर नाही. जे झालं ते भरदिवसा झालं, गर्दीत झालं, लोक मक्याची कणसं खात फोटो काढत होते तिथं झालं. दोन वर्षांपूर्वीचा मार्च महिना. जागा, महाबळेश्वर.

मंगल माझी मावसबहीण. तिनं हे मला एकदाच सांगितलं, भाकरी थापता थापता, माझ्याकडे न बघता. भाकरीवरची तिची बोटं जराही थांबली नाहीत. मला त्याचीच जास्त भीती वाटली.

आमच्या बीडकडची गावंच्या गावं दिवाळी झाली की ऊसतोडीला पश्चिमेकडे जातात. तिथं नवराबायको मिळून एक 'कोयता' धरतात. नवरा ऊस तोडतो. बायको मोळी बांधते, डोक्यावर घेते आणि ट्रकला लावलेल्या लाकडी फळीवरून वर चढवते. बायको नसली की कोयता अर्धा. अर्ध्याला टोळीत कोणी विचारत नाही.

बंकटचा कोयता ऐन हंगामात अर्धा झाला.

त्याची बायको कडूबाई मोळीसकट फळीवरून खाली पडली आणि गेली. तिचे दिवस कसेबसे उरकले आणि लगेच मंगलला त्याच्या गळ्यात बांधली. बिनबापाची पोर. मामानं हात झटकले. अंगावरची हळद उतरायच्या आत मंगल वाईजवळच्या उसाच्या फडात मोळ्या वाहत होती.

लग्नाच्या दिवशी सासूनं, केशरबाईनं, तिच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेला एक टाक घातला. नखाएवढा चांदीचा पातळ पत्रा, त्यावर बाईची आकृती ठोकलेली. मेलेल्या सवतीचा टाक. दुसरेपणावर आलेल्या बाईनं तो घालायचा, ही आमच्याकडची जुनी रीत.

"ही तुझी ताई," केशरबाई म्हणाली. "नवं लुगडं आलं, आधी हिला लाव. ताटावर बसलीस, पयला घास हिच्या नावानं बाजूला काढ. आधी ताईला, मंग तुला. मंग ती तुला बहीण मानंल."

"आन न्हाई केलं तर, आत्या?"

केशरबाईनं दोऱ्याची गाठ घट्ट केली.

जिवंतपणी कडूबाईला काय आधी मिळालं होतं हो? जेवायला शेवटी, झोपायला शेवटी, तापानं फणफणली तरी फडात सगळ्यांच्या आधी, तेवढं एकच आधी. आणि मेल्यावर पहिला घास! आपल्या लोकांचा हा मोठेपणा बघून मला संताप येतो.

पण मंगल साधी. तिनं ते मनापासून पाळलं. चहाचा घोट घ्यायच्या आधीसुद्धा टाकाला बोट लावायची. "आधी तुला, ताई," एवढंच पुटपुटायची. फडात दिवसभर तिच्याशी दुसरं कोण बोलणार होतं?

हंगाम संपला. टोळी दुसऱ्या दिवशी गावाकडे निघणार होती. उत्तरेश्वर म्हणून बंकटचा दोस्त होता, आमच्या तलवाड्याकडचाच, ट्रक चालवायचा. त्यानं मालकाची पिकअप मागून आणली.

"बंकट्या, इतके हंगाम डोंगराखाली काढलेस. वैनीला एकदा वर तर ने की बे," तो म्हणाला.

बंकट खुशीत होता. मंगलला दिवस गेल्याचं नुकतंच कळलं होतं. कडूबाईला मूल झालं नव्हतं, त्यावरून त्यानं तिला कमी छळलं नव्हतं.

"चल. माझं पोरगं आत्ताच महाबळेश्वर बघून घेईल," तो म्हणाला.

सकाळी निघाले. पुढं तिघं, मंगल खिडकीशी. पसरणीचा घाट लागला. वळणावर वळण. वारा गार होत चालला. मंगलला बरं वाटलं, पोटावर हात ठेवून ती खाली बघत बसली. राबलेला सगळा मुलूख खाली लहान लहान होत गेला.

तेवढ्यात मागून आवाज आला...

कर्र...

"काय वाजतंय, भावजी?"

"ट्रकची फळी हाय मागं. काढायची ऱ्हायली," उत्तरेश्वर म्हणाला. "खड्ड्यानं वाजती."

पण तिच्या पायांना ती फळी पाठ होती. रिकामी फळी खडखडते.

करकरते ती माणूस चढल्यावर.

कर्र... थांबून परत... कर्र...

तिनं मागच्या काचेतून पाहिलं. हौद्यात फळी आडवी पडली होती. दुसरं काही नव्हतं.

पाचगणी मागं पडली. मग महाबळेश्वर. इंग्रजांच्या काळातले दगडी बंगले, लाल मातीचे रस्ते, उन्हातही गारवा. बाजारात चपलांची दुकानं, चण्याची दुकानं, लाल स्ट्रॉबेरीच्या पाट्या. मंगलला काय बघू आणि काय नको असं झालं. गावाकडे एव्हाना ऊन डोकं फोडत असणार आणि इथं बायका स्वेटर घालून फिरत होत्या.

बंकटनं तिला स्वेटर घेतला. निळा. आयुष्यातला पहिला.

तिनं सवयीनं घडी उलगडली, बाही टाकाला लावली. "आधी तुला, ताई..."

खसकन तिच्या हाताला हिसका बसला.

"मी घेतलेल्या कपड्याची घडी त्या मेलीनं मोडायची व्हय?" बंकट ओरडला. दुकानातली माणसं बघायला लागली. "घाल गुमान!"

तिनं घातला. आतून तिला हुडहुडी भरली. लोकर गार लागत होती, नुकतीच पाण्यातून काढल्यासारखी.

पुढं स्ट्रॉबेरी घेतली. तिनं एक उचलली आणि पुन्हा हात गळ्याशी गेला. बंकटनं फटका मारला. फळ खाली पडलं. त्यानं ते चपलेखाली घेतलं आणि सावकाश टाच फिरवली. तिच्याकडे बघत. हसत.

"खाती का तुझी ताई? वाक म्हणावं, चाट म्हणावं."

उत्तरेश्वर दुसरीकडे बघायला लागला.

दुपारी बंकट 'आलोच' म्हणून गल्लीत घुसला. कशाला ते दोघांनाही ठाऊक होतं. पिकअपच्या सावलीत मंगल बसली, उत्तरेश्वर उभा.

"लई हौस व्हती तिला इथं यायची," तो एकदम म्हणाला.

"कोणाला?"

"कडूवैनीला. मोळी घेऊन ट्रकवर चढली की वरून डोंगराकडं बघायची. म्हणायची, तिथं गार असतं म्हनं, आमाला एकदा न्या. हा म्हणायचा, पुढच्या हंगामाला." त्यानं पिकअपच्या टपावर हात टेकला. "पडली त्या दिशीबी बघतच व्हती. ताप व्हता अंगात. पाय निसटला."

"लगेच गेली का?"

उत्तरेश्वर टायरवरची लाल माती नखानं खरवडायला लागला.

"भावजी... लगेच गेली का?"

"न्हाई. बोलत व्हती. पानी मागत व्हती. म्हणली, आधी मला न्या. बंकट म्हणला... गाडी भरल्यावर बघू."

मंगलचा हात टाकावर गेला.

"तिला ट्रकच्या सावलीला निजवली आन् उरलेला ऊस भरला. भरल्यालीच गाडी दवाखान्यावरनं नेली. डाक्टर म्हणला, आधी आणायची व्हती..."

"आन् तुमी?"

"मी स्टेरिंगवर बसलो व्हतो, वैनी."

टाक तिच्या मुठीत होता. ती म्हणते, मूठ गार पडली नव्हती. उलट टाक गरम झाला होता, तापलेल्या माणसाच्या कपाळासारखा.

बंकट डुलत आला. मग ते एका पॉइंटवर गेले. कुणा इंग्रज साहेबाच्या नावाचा आहे, तिकडे जाणाऱ्यांना माहीत असेल. समोर कडा थेट खाली कोसळलेला. पाठीमागं माणसांची ही गर्दी. त्या दरीतून वारा इतक्या जोरानं वर येतो, की हलकी वस्तू खाली टाकली तर तरंगत माघारी येते. पोरंसोरं बाटल्यांची झाकणं टाकत होती आणि ती परत आली की टाळ्या पिटत होती.

बंकटनंही एक झाकण टाकलं. ते गरगरत वर आलं, त्याच्या खांद्याला लागलं. तो लहान पोरासारखा हसला. दुसरं टाकलं, तेही आलं.

मग त्याची नजर मंगलच्या गळ्यावर गेली...

"हा बी हलकाच हाय," तो म्हणाला. "बघू की, येतो का माघारी."

"अवं नका! पाया पडते, नका!"

त्यानं दोरा हिसडला. मंगलच्या मानेवर रेघ उमटली, रक्त आलं. टाक त्यानं दोन बोटांत धरला, तोंडासमोर नेला.

"लई हौस व्हती ना गं तुला वर यायची? घे. बघून घे सगळं."

आणि दरीत फेकला.

उन्हात एकदा चमकला...

मग दिसेनासा झाला.

सगळ्यांची झाकणं परत येत होती. टाक आला नाही.

ती वाट बघत राहिली. बंकटही वाकून बघत राहिला. आणि मग... वारा थांबला.

एकदम. कुणी दार लावावं तसा.

पोरांनी टाकलेली झाकणं खाली गेली ती गेलीच. एक पोरगी रडायला लागली, तिची टोपी गेली होती. लोक म्हणाले, असं कधी होत नाही. मग पोरांच्या टाळ्याही बंद पडल्या.

त्या शांततेत खालून आवाज आला...

कर्र...

जिथं पाखराला बसायला जागा नाही, त्या कड्याखालून.

कर्र... कर्र...

ओझं घेऊन कुणीतरी चढत होतं. सवयीचं पाऊल. दमानं. मधे थांबून मोळी सावरताना बाया करतात तसा एक हुंकार...

हं...

मंगलचा हात लोखंडी कठड्यावर होता. कठडा खाली दबला. तिच्या बाजूनं कुणीतरी त्यावर भार देऊन अलीकडे आलं, तेवढाच तो दबला आणि परत वर आला. नाकात वास भरला, ताज्या तोडलेल्या उसाचा.

वारा पुन्हा सुटला. पोरं पुन्हा ओरडायला लागली.

बंकटचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्यानं ऐकलं होतं. पण कबूल करील तर तो बंकट कसला!

"चला, भूक लागली," तो म्हणाला.

परतताना घाटात फळी वाजली नाही. एकाही वळणावर नाही, एकाही खड्ड्यात नाही. मोकळी फळी त्या रस्त्यावर गप्प राहूच शकत नाही. उत्तरेश्वरनं आरशात एकदा मागं पाहिलं. मग आरसाच वर फिरवून टाकला.

टोळीच्या खोपटांशी पोचल्यावर तो फळीला हात लावायला तयार होईना. "घेऊन जा बाबा तूच," म्हणाला. बंकटला बरंच झालं. घराच्या पत्र्यावर चढायला कामाला येईल म्हणून त्यानं ती गावाकडच्या गाडीत टाकली.

दुसऱ्या दिवशी गावाकडे जाताना मांजरसुंब्याला धाब्यावर चहाला थांबले. मंगलनं ग्लास उचलला, ओठाला लावायच्या आत तो तडकला. चहा मांडीवर सांडला. दुसरा ग्लास आला, त्याला काही झालं नाही.

घरी पोचल्यावर केशरबाईनं पहिल्यांदा तिचा गळा पाहिला.

"टाक कुठंय?"

"दिला फेकून," बंकट म्हणाला आणि हातपाय धुवायला गेला.

केशरबाईनं तिच्या मानेवरच्या रेघेवरून बोट फिरवलं.

"नवा करू, आत्या. सोनाराकडं जाते मी."

"पत्रा करून देईल सोनार. पर तिला त्यात बस म्हणून कोन सांगनार? एकदा मोकळी झाली बाई. आता नखाएवढ्या जागंत कशाला बसंल?"

"मंग काय करंल ती?"

"करायचं काय. आजवर तू देत व्हतीस. आता तिची ती घेईल."

आणि ती घ्यायला लागली.

तव्यावरची पहिली भाकरी टोपल्यात टाकून मंगल वळायची, परत बघावं तर टोपलं रिकामं. मांजर असेल म्हणून तिनं टोपल्यावर परात ठेवली. परात तशीच, भाकरी नाही. नळावरून आणलेली पहिली घागर उंबऱ्यात पाझरून जायची, दुसरी ठणठणीत. मंगलनं पहिल्यासारखे घास काढून ठेवले, हात जोडले. त्या घासांना मुंगीसुद्धा लागायची नाही. दिलेलं तिला नकोच होतं आता.

मग शेळी पहिल्यांदा व्याली. दोन करडं झाली. आधी आलेलं थंडगार होतं, त्यानं श्वासच घेतला नाही. मागचं उठून दूध प्यायला लागलं.

केशरबाईनं ते मेलेलं करडू पाटीत घेतलं. जाता जाता तिची नजर मंगलच्या पोटावर थांबली.

"पयलंच हाय ना तुझं?" ती म्हणाली.

मंगलला सगळं कळलं. मला सांगताना तेवढ्या एका जागी तिचा आवाज फुटला. पोट वाढत होतं, आत लाथा बसत होत्या आणि ती रात्रंदिवस एकच विचार करत होती. बाळाच्या आधी ताईला काय देऊ? असं काय आहे जे तिला खरंच हवं होतं? लुगडं नाही, घास नाही, डोंगरही बघून झाला.

भादव्यात पाऊस लागला. पत्रा गळायला लागला. सकाळी थोडी उघडीप मिळाली तशी बंकटनं भिंतीला फळी लावली.

"मला आधी वाढ," तो म्हणाला. "मंग चढतो."

मंगलनं ताट वाढलं. त्याच्यासमोर ठेवलं. पण ती ताटाकडे बघत नव्हती. त्याच्याकडे बघत होती. आणि तिच्या मनात आलं...

नवरा तरी माझा कुठं? हा तर आधी तिचाच.

"आधी तुला, ताई," ती हळूच म्हणाली.

"काय म्हणलीस?"

"काय न्हाई. जेवा."

त्यानं पोटभर खाल्लं. ढेकर देऊन उठला. केशरबाई अंगणात डाळ निवडत बसली होती. पुढचं तिनं डोळ्यानं पाहिलं, तिनंच मला सांगितलं. बंकट फळीवरून चढला. पत्र्यावर पाय टेकवून उभाही राहिला. फळी रिकामी झाली.

आणि मग ती रिकामी फळी मधोमध वाकली...

कर्र...

खालून वर. एकेक पाऊल. दमानं.

कर्र... कर्र...

बंकटनं मागं वळून पाहिलं. त्याला काय दिसलं कुणास ठाऊक. "गाडी..." एवढंच तो ओरडला, पुढचं तोंडातच राहिलं. दोन पावलं मागं सरकला. मागं पत्रा नव्हता.

दगडी ओट्यावर पडला. पण लगेच गेला नाही.

"पानी..." म्हणत होता. "मला न्या..."

"मंगल! गाडी बोलव गं! फोन लाव!" केशरबाई किंचाळली.

फोन मंगलच्या शेजारीच पडला होता, चुलीजवळ. तिनं परातीतला गोळा घेतला. थापायला लागली.

"तव्यावर भाकरी हाय," ती म्हणाली. "झाल्यावर बघू."

सगळ्या भाकरी झाल्यावर तिनं फोन लावला. तोवर पाणी मागायचं थांबलं होतं.

केशरबाईनं पोलिसांना काही सांगितलं नाही. पोटच्या पोराबद्दल बोलताना ती रडलीही नाही. मी विचारलं, सुनेचा राग नाही आला?

"कडूबाई गेली म्हून फोन आलता," ती म्हणाली. "तवा मी पयलं काय इचारलं सांगू? आता कोयत्याचं काय?"

दसऱ्याला मंगलला मुलगी झाली. खणखणीत रडली. नाव संस्कृती. तिला नखभरही धक्का लागला नाही. भाकरी जायची थांबली, घागरी पाझरायच्या थांबल्या. आता मंगल पुन्हा घास काढून ठेवते आणि तो घेतलाही जातो.

परवा मी त्यांच्याकडे जेवायला होते. मंगल ताटावर बसली. तिनं चुलीच्या कडेला घास काढून ठेवला.

मग थोड्या अंतरावर दुसरा ठेवला.

जेवता जेवता माझं लक्ष तिकडेच. मांजर नाही, कावळा नाही, कुणी उठलं नाही. मी पाण्याचा तांब्या उचलला, खाली ठेवला आणि पाहिलं... पहिला घास नव्हता. दुसरा जागच्या जागी.

"तो कसा राहिला गं?" मी विचारलं.

"त्यांचा घास रोजच ऱ्हातो," मंगल म्हणाली. पोरीला भरवत होती, मान वर केली नाही. "ताई म्हणती, गाडी भरल्यावर बघू."

मी जेवण अर्धवट टाकून उठले. बाहेर ती फळी अजून भिंतीला लावलेलीच आहे. कुणी काढत नाही. मी तिच्या बाजूनं न जाता गोठ्याला वळसा घालून रस्त्याला लागले.

तेव्हापासून मी माझ्या घरीही एक घास बाजूला काढते. मला कुणी सांगितलेलं नाही, माझ्या सासरी टाक घालायची रीतही नाही. पण माझ्या नवऱ्याचंही हे दुसरं लग्न आहे, आणि गेलेल्या पहिलीबद्दल मी आजवर काहीच विचारलेलं नाही.